घंटागाडीच्या बदल्यात काकू

विश्रांतवाडीत मी ज्यांच्याकडे चार वर्षं भाड्यानं राहिले, ते आमचे घरमालक पुणेकर असूनही दारावर एकही पाटी लावत नसत. पहिल्याच दिवशी मी कौतुकानं तसं म्हटलं, तर म्हणाले, "पाटी लावली की 'वाचली नाही' म्हणायला लोक मोकळे होतात. मी तोंडी सांगतो." आणि सांगत! गाडी कुठे लावायची, नळ किती पिळायचा, दार ओढताना कडी कशी धरायची, सगळं तोंडी. तेही 'अहो' आणि 'आपण' लावून, इतक्या शांतपणे, की माणूस आधी आभार मानायचा आणि दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याला कळायचं की आपली काढली.

मला त्यांनी चार वर्षांत नावानं हाक मारली नाही. मी वाशीमची. ते मला "अहो नागपूर" म्हणायचे. वाशीम वेगळं, नागपूर वेगळं, मध्ये पाच तासांचा रस्ता आहे, हे मी त्यांना नकाशा दाखवून सांगितलं. त्यांनी नकाशा नीट बघितला आणि म्हणाले, "असेल. पण वाघोली ओलांडली की आमच्या हिशेबी नागपूर लागतं."

हे घरमालक काका पस्तीस वर्षं मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार माल त्यांच्यासमोर यायचा, ते मोजायचे, आणि जो केसभर चुकला तो बाजूला फेकायचे. निवृत्त झाले तरी जाडी मोजायचं ते व्हर्निअर त्यांच्या शर्टाच्या खिशातून निवृत्त झालं नव्हतं. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला व्हर्निअर. माझ्या आईनं वाशीमहून बेसनाचे लाडू पाठवले. मी चार लाडू वाटीत घालून खाली नेऊन दिले. काकांनी दोन उचलले, मोजले. "चव उत्तम. पण लॉट एकसारखा नाही. तीन मिलिमीटरचा फरक आहे." मी हसत हसत आईला फोनवर सांगितलं. आई नाही हसली. म्हणाली, "त्यायले सांग, पुढच्या खेपेस एकच पाठवतो, मोजाची कटकट नाही."

एकदा मी केलेल्या पोह्यांना ते म्हणाले, "रिजेक्ट नाही. रिवर्क. मीठ घालून परत आणा." आणि मी मूर्ख, आणले.

खोटं 'छान' त्यांच्या तोंडून कधी निघायचंच नाही. लग्नात वधूपिता हात जोडून "जेवण कसं झालं?" असं विचारतो, तेव्हा त्याला उत्तर नको असतं हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. काका उत्तर द्यायचे. मठ्ठ्यापासून सुरुवात करून. काकू तोवर आहेराचं पाकीट देऊन रिक्षात जाऊन बसलेल्या असायच्या. मला एकदा म्हणाल्या, "यांना खोटं बोलता येत नाही म्हणून लोक कौतुक करतात हो. त्यांना काय, ते आपापल्या घरी जातात."

तर त्या उन्हाळ्यात आमचं ऑफिस होतं ते सगळं खराडी मोबाईलवर क्रिकेटच्या टीमा लावत होतं. खरे खेळाडू निवडायचे, ते खेळतील तसे आपल्याला गुण. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. मला, माझी रूममेट श्वेता हिला आणि आमच्या टीममधल्या निखिलला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मग आम्ही ऑफिसातल्याच आणखी दोघींना धरून आमचा स्वतःचा खेळ काढला. क्रिकेटपटूंऐवजी गवई. प्रत्येकानं पाळीपाळीनं एकेक कलाकार किंवा बँड निवडायचा, प्रत्येकी पाच. एकानं घेतला की दुसऱ्याला मिळणार नाही. त्यांचं नवीन गाणं आलं की तीन गुण, जाहीर कार्यक्रम झाला की पाच गुण. पाडव्यापासून दोन महिने. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. नियम एका मेसेजमध्ये मावले होते.

निवडीचा कार्यक्रम रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर ठेवला. निखिल कोरियातल्या एका बँडसाठी जीव टाकत होता, तोच श्वेतानं पहिल्या पाळीला उचलला. निखिल जो काही ओरडला म्हणता! पाचव्या मिनिटाला काका गच्चीच्या दारात.

"काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"बँड गेला, काका," निखिल रडवेला होऊन म्हणाला.

काकांनी सगळा खेळ समजून घेतला. अर्धा तास प्रश्न विचारले. जाहीर म्हणजे किती माणसांपुढे? ऐकलं कुणी? पुरावा काय? निवडलेला माणूस आजारी पडला तर? मग ते म्हणाले, "आपला खेळ चांगला आहे. नियम भंगार आहेत. मी खेळतो." तसेच खाली जाऊन दोनशे पानी वही घेऊन आले आणि पानावर पट्टीनं रेघा मारायला बसले.

त्यांच्या नियमांपैकी तीन मला अजून पाठ आहेत, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच फिरलं. जाहीर कार्यक्रम म्हणजे घराबाहेरच्या निदान पाच माणसांपुढे. "घरची माणसं धरायची नाहीत, ती बिचारी बांधील असतात." दुसरा, गुण द्यायचे तर पक्का पुरावा हवा, नाहीतर गुण लिहिणाऱ्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. गुण लिहिणारे अर्थात तेच. आणि तिसरा, मध्येच कुणाला टीममधून काढता येणार नाही. फक्त अदलाबदल.

मग चिठ्ठ्या टाकून काकांची पाळी आली. आम्हाला वाटलं, एखादे जुने बुवा घेतील. काका खाकरले, वहीत लिहीत लिहीत म्हणाले, "पहिली निवड. आमची सौ."

आम्ही खो खो हसलो. काका हसले नाहीत. "गातात का काकू?" श्वेतानं विचारलं. "गायची," काका म्हणाले आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

दुसऱ्या पाळीला त्यांनी घंटागाडी घेतली. हो, कचऱ्याची! रोज सकाळी ओला कचरा-सुका कचरा करत गाणं वाजवत गल्लीत येते ती. निखिल उसळलाच. "काका, ती गाडी आहे! आणि गाणं रेकॉर्ड केलेलं आहे!"

"तुमचा तो कोरियाचा बँड आपण कुठे ऐकलात? त्यांच्या घरी जाऊन?"

"मोबाईलवर."

"मग? माझी घंटागाडी निदान दारात येते."

तासभर भांडण झालं. शेवटी दिवसाला एकच कार्यक्रम धरायचा यावर तडजोड झाली. तरी रोजचे पाच गुण! आमचे जगप्रसिद्ध कलाकार महिन्याला एक गाणं काढणार आणि हे कचऱ्याच्या जिवावर आठवड्याला पस्तीस खाणार. बाकीच्या तीन जागांवर त्यांनी लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला, एका मंगल कार्यालयाचा सनईवाला आणि कोपऱ्यावरच्या देवळातलं भजनी मंडळ घेतलं. लग्नसराई तोंडावर होती. माणूस अभ्यास करून खेळत होता.

घंटागाडीला त्यांनी जितकं जपलं तितकं कुणी स्वतःच्या गाडीला जपत नाही. एका सकाळी गाडी मुक्यानंच आली. काका कचऱ्याचा डबा तिथेच टाकून ड्रायव्हरपाशी. कर्ण्याच्या वायरची पिन तुटली होती.

"काका, गाणं नाय वाजलं म्हनून कचरा उचलत नाय का आमी? उचलतोच की," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, कचऱ्याचं कोण बोलतंय!" काकांनी तुटकी पिन मोजली, स्कूटर काढली, दहा वाजेपर्यंत तसलीच पिन पैदा केली आणि गाडीला धानोरीत गाठून बसवून दिली. गाणं सुरू झाल्यावर रस्त्यात उभे राहून पूर्ण ऐकलं, वहीत वेळ टिपली. ड्रायव्हरनं मला पुढे कितीदा तरी विचारलं, "तुमचे मालक बरे हायेत ना?"

दर रविवारी अकरा वाजता गच्चीवर काका गुण वाचून दाखवत. बँकेत टोकन पुकारतात तसा आवाज. "घंटागाडी, पस्तीस. क्लॅरिनेट, पंधरा. भजनी मंडळ, पाच. सौ., शून्य." दुसऱ्या आठवड्यातही सौ., शून्य. तिसऱ्यातही. आम्ही प्रत्येक वेळी फिस्सकन हसायचो. एकूण गुणांत काका पहिले, मी चौथी.

माझी लाज मला तिसऱ्या रविवारनंतर वाटायला लागली. त्या संध्याकाळी काकूंकडे कोथिंबीर मागायला गेले होते. त्या निवडत बसल्या होत्या. सहज म्हटलं, "काकू, गा ना हो एकदा. काकांचे पाच गुण तरी होतील." काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "सव्वीस वर्षांपूर्वी गायले होते. यांच्या मावशीकडे मंगळागौरीला. आईनं शिकवलेलं एक पद. चाळीस-पन्नास बायका, ओसरीवर पुरुष. तिसऱ्या ओळीला हे ओसरीवरून म्हणाले, 'इथे सूर उतरला.' सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"मग?"

"मग काय. मी खीर वाढायला गेले." आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "देठं टाकू नकोस, आमटीला चांगली लागतात."

मला इतका राग आला काकांचा! तशीच जाऊन जिन्यात गाठलं त्यांना. मी वाशीमची, आम्हाला मनात ठेवता येत नाही. म्हटलं, "काका, असं कुणी बोलतं का चारचौघांत?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "सूर उतरला होता हो."

"असेल! पण म्हणून..."

"नंतर तिनं कधी साधं गुणगुणलंही नाही. स्वयंपाक करताना गुणगुणायची आधी. मला वाटलं, आठवडाभर रुसेल. मग वाटलं, महिनाभर." त्यांनी कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. "मला ते परत ऐकायचंय, नागपूर. सरळ विचारायची सोय मी ठेवलेली नाही. म्हटलं खेळात घेतलं, वहीत नाव आलं, तर रीतसर होईल."

रीतसर! बायकोचं मन वळवायला या माणसानं तक्ता आखला होता. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कारण काकूंना आपण टीममध्ये आहोत याचा पत्ता तरी होता का? तर होता. मी बोललेच होते आणि त्याआधी तीन रविवार त्या जिन्यात उभं राहून ऐकत होत्या.

चौथ्या रविवारी त्या सरळ गच्चीवर आल्या. काका वाचत होते. "सौ.,..." आणि थांबले.

"वाचा की," काकू म्हणाल्या. "मला न विचारता घेतलंत ना टीममध्ये? वाचा."

"निवडलेल्याला विचारायचा नियम नाही," काका म्हणाले. "त्या कोरियातल्यांना तरी कुणी विचारलंय?"

"ते कोरियातले तुमच्या भाकऱ्या थापत नाहीत!"

निखिलच्या नाकातून चहा आला. पण काकू हसत नव्हत्या. त्यांचा आवाज खाली आला. "दर रविवारी पाच पोरांसमोर माझ्या नावापुढे शून्य वाचता. तेव्हा एकदाच केलंत, आता दर आठवड्याला करता. सोडा मला तुमच्या टीममधून." आणि गेल्या.

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. आपणच तपासून पास केलेला एखादा भाग चुकीचा म्हणून परत आल्यासारखा. त्यांना हे खरंच कळलं नव्हतं हो! त्यांच्या दृष्टीनं ते एक निमंत्रण होतं. शून्य म्हणजे जागा रिकामी आहे, या. ते आपण चारचौघांत पुकारतोय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी वही उघडली, स्वतःच लिहिलेला नियम स्वतःच वाचला. काढता येणार नाही, फक्त अदलाबदल. "सौ.ना कोण घेतं?" त्यांनी आम्हाला विचारलं. "घेण्याच्या बदल्यात जे हवं ते मागा."

इथे मी माझ्या नालायकपणाची कबुली देते. मी चौथी होते. हाताशी संधी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "घंटागाडी."

श्वेतानं मला चिमटा काढला. घंटागाडी गेली की काकांचा पहिला नंबर गेला, हे सगळ्यांना कळत होतं. मला वाटलं, आता घासाघीस होईल. काकांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडचं कोण देताय?"

"तो मुंबईचा रॅपर. पण दोन दोन कसे घेऊ? काकू आणि घंटागाडी..."

"आणखी एक कुणीतरी द्या. गुण असोत-नसोत." आणि लगेच खोडाखोड केली. माझा रॅपर आणि एक नाशिकचा गिटारवाला, ज्याचं सहा महिन्यांत गाणं आलं नव्हतं, ते काकांकडे. काकू आणि घंटागाडी माझ्याकडे. घंटागाडीच्या बदल्यात काकू असंही नाही, घंटागाडी वर फुकट! दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजत आलं तेव्हा ते कचऱ्याचा डबा घेऊन उभे होते आणि वही माझ्या नावावर पाच गुण मांडत होती. मला चहा गोड लागला नाही.

मी काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, तुम्ही आता माझ्या टीममध्ये आहात. चालेल का? नाही म्हणालात तर नाव खोडते, नियम गेला खड्ड्यात."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्यात शून्य वाचतात का?"

"वाचू देणार नाही. गळ्याशपथ."

"मग असू दे. तुझं अडत असेल तर."

मेच्या पहिल्या आठवड्यात कुरडया निघाल्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून, पहाटे शिजवून, सकाळी आठला पातेलं गच्चीवर. मी आणि श्वेता हाताखाली, शेजारच्या दोघी, आणि जिना झाडणाऱ्या मावशी ऊन चढायच्या आत हात लावायला थांबलेल्या. काकांना वर यायची बंदी होती. आदल्या वर्षी त्यांनी वाळत घातलेल्या कुरडया मोजल्या होत्या. काकू म्हणाल्या, "मोजणारी माणसं खाली."

सोऱ्या फिरवता फिरवता शेजारच्या वहिनी काहीतरी गुणगुणायला लागल्या, अगदीच बेसूर. काकूंनी हसून त्यांच्याकडे पाहिलं, आणि कधी सुरू केलं ते आम्हाला कळलं नाही. आधी ओठांतल्या ओठांत. मग हळूच मोकळा आवाज. साठीच्या पुढचा, जरा खरखरीत, पण काय आवाज होता! श्वेताचा हात चिकातच राहिला. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मला त्यातलं शास्त्र काही कळत नाही, पण अंगावर काटा आला एवढं खरं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या ओळीला सूर उतरला.

मला कळलं म्हणजे बघा. काकू थांबल्या. सोऱ्या हातात तसाच, अर्धी कुरडई कापडावर. आणि जिन्यात चप्पल वाजली.

मी दारापाशी होते, वाकून बघितलं. खालच्या पायरीवर काका उभे. वही काखेत मिटलेली, एक हात तोंडावर घट्ट दाबलेला, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. ते किती वेळ तिथे होते कोण जाणे. मी मनातल्या मनात म्हणत होते, काका, देवाशपथ सांगते, आज बोललात तर मी घर सोडून जाईन.

काकूंना चप्पल ओळखू आली होती. त्या दाराकडे न बघताच म्हणाल्या, "उतरला ना?"

मग काकांनी तोंडावरचा हात काढला, घसा साफ केला.

"मला ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "इथे नीट येत नाही ऐकू. परत म्हण."

आमच्या जिन्यात सुई पडली तर तळमजल्यावर कळते. काकूंना हे चाळीस वर्षं माहीत होतं. त्यांनी सोऱ्या परातीत ठेवला, चिकाचे हात पदराला पुसले, जे त्या कधीच करत नसत.

"मग जिन्यात काय उभे राहता?" त्या म्हणाल्या. "वर या."

काका चपला पायरीवर काढून वर आले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जिथे कुरडयांवर पाय पडणार नाही अशा बेतानं अंग चोरून बसले. आणि काकूंनी पद पहिल्या ओळीपासून घेतलं.